वाहन कोण चालवत होते?

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गाडी ठरली! पांढरी, उंच छपराची, डिझेलची. मागची बाकं काढून तिथे डोळे तपासायची खुर्ची बसवून घेतेय. अक्षरांचा तक्ता मागच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि भिंगांची पेटी खुर्चीखाली राहील. कारखान्यांत, वृद्धाश्रमांत जाऊन तिथेच लोकांना नंबर काढून देईन. दुकान थाटून माशा मारत बसण्यापेक्षा हे बरं. साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं यात घातलंय.

शोरूममधल्या माणसानं माझ्यापुढे पाच कागद पसरले. थर्ड पार्टी, फुल इन्शुरन्स, झीरो डेप, इंजिन कव्हर, एक्स्टेंडेड वॉरंटी. प्रत्येकावर बोट ठेवून म्हणतो, "मॅडम, हे तर घ्यायलाच लागतं." मी विचारलं, "यातलं न घेतलं तरी चालेल असं कुठलं?" तर म्हणाला, "तसं कुणी विचारत नाही."

बाबा सोबत होते. ते म्हणाले, "चौतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. गाडीचा विमा कशाला? ड्रायव्हर चांगला घ्या." त्यावर तो माणूस म्हणाला, "काका, समोरून येणारा तुमच्यासारखा नसतो ना." बाबा खूश झाले की चिडले, ते कळलं नाही.

फोन करणार होते, पण तू म्हणशील, तोंडी बोललेलं क्लेमला चालत नाही. तेव्हा लेखी विचारते. काय घेऊ, काय सोडू?

तुझी मुंगी

९ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

फोन केला नाहीस हे उत्तम केलंस. एकोणतीस वर्षं विमा कंपन्यांसाठी मोडक्या गाड्यांखाली पाठीवर झोपून नुकसान मोजलं मी. गाडी आपटली कशी, मोडलं काय आणि पैसे कुणी द्यायचे, हे लिहून देणारी सर्व्हेअर. त्या एकोणतीस वर्षांत मला माणसांनी फोनवर, चहावर, रडत, हसत काय काय सांगितलं! शेवटी उरलं ते कागदावर होतं तेवढंच.

आधी एक समजून घे, म्हणजे त्या माणसाचे पाचही कागद तुला आपोआप वाचता येतील. वॉरंटी हा गाडी बनवणाऱ्याचा शब्द असतो. गाडी आतून बिघडली, भाग खराब निघाला, तर चूक माझी, असं तो म्हणतो. विमा बाहेरच्या जगासाठी. बाहेरून काही आदळलं, पडलं, पेटलं, शिरलं, कुणी चोरून नेलं, तर विमा. आत आणि बाहेर. या दोन घरांच्या मधे एक बोळ आहे. तिथे काही घडलं की दोन्ही घरांची दारं बंद होतात. वॉरंटीवाला म्हणतो बाहेरून झालं, विमावाला म्हणतो आतून झालं. पैसे भरताना माणसं दोन्ही दारं बघतात आणि बोळ विसरतात.

थर्ड पार्टी कायद्यानं घ्यावाच लागतो, आणि लोक तो कपाळाला आठ्या घालून घेतात. म्हणतात, यात आपल्याला काय मिळतं? काहीच मिळत नाही! तो तुझ्यासाठी नाहीच. तो त्या माणसासाठी आहे ज्याचं नाव तुला माहीत नाही, जो उद्या आपल्या वाटेनं चाललेला असेल आणि तुझ्या गाडीखाली येईल. त्याच्या बायकामुलांना तू आज दिलेला तो शब्द आहे. सगळ्या पाच कागदांत मला तोच एक सभ्य वाटतो. बाकीचे चार आपापल्या पत्र्याची काळजी करणारे.

पण पत्रा तुझा आहे, तेव्हा त्याचंही सांगते. फुल इन्शुरन्स घे. झीरो डेप घे, कारण तो नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर घसारा म्हणून जवळपास निम्मी रक्कम कापतात, आणि आजकालची गाडी म्हणजे निम्मं प्लॅस्टिकच. इंजिन कव्हर घे. पाणी इंजिनात शिरलं तर साधा विमा हात वर करतो, तो बोळ हा कागद बुजवतो. एक्स्टेंडेड वॉरंटी आज नको. कंपनीची तीन वर्षांची आहे, ती संपायच्या आत ठरव. आणि सर्व्हिसिंग त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, ठरल्या तारखेला. एक तारीख चुकली की वॉरंटीचा शब्द फिरतो.

शेवटचं. या सगळ्या कागदांच्या खाली बारीक अक्षरात एक अट असते की चालवणाऱ्याकडे चालू लायसन हवं. ते नसेल तर वरचं सगळं रद्दी.

दादाला सांग, चौतीस वर्षांत ओरखडा नाही, हे मला लहानपणच्या सायकलवरून खरं वाटत नाही. मला पुढच्या दांड्यावर बसवून त्यानं थेट चिखलात नेलं होतं.

तुझी आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तेच घेतलं. एक्स्टेंडेड वॉरंटी नाही म्हटल्यावर शोरूमवाल्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या मुलीचं स्थळ नाकारलं. सायकलचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तिला सांग, ब्रेक तिनंच दाबला होता."

परवा पहिलं शिबिर झालं, एका कापडाच्या कारखान्यात. एका दिवसात त्रेचाळीस माणसं! आपल्या गल्लीतले डोळ्यांचे डॉक्टर माझ्या शिबिरांच्या कागदांवर सही करायला तयार झालेत. माझ्या तपासणीत काही गंभीर निघालं तर त्यांच्याकडे पाठवायचं, असं ठरलंय. त्यांच्या सहीशिवाय कारखाने दारात उभं करत नाहीत. तेव्हा आता मी अर्धी डॉक्टरच, असं बाबा वर्कशॉपपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलेत.

तुझी मुंगी

१२ जुलै

प्रिय आत्या,

मधे जवळपास पाच महिने पत्र नाही, आणि आता लिहितेय ते वाईट बातमीचं.

मंगळवारी सकाळी गाडी पाण्यात बंद पडली. रेल्वेच्या पुलाखालचा रस्ता आहे ना, आदल्या दिवशी पाऊस झाल्यामुळे तिथे पाणी साचलं होतं. मला वाटलं निघेल. मधोमध गेल्यावर इंजिन गचके देऊन बंद पडलं. मी पुन्हा स्टार्टर मारला. एकदा मोठा आवाज झाला आणि मग काहीच नाही. लोकांनी ढकलत बाहेर काढली. कुणाला काही लागलं नाही.

वर्कशॉपचा फोरमन म्हणतो की आतला रॉड वाकलाय, इंजिन उघडावं लागेल, अर्ध्या गाडीची किंमत जाईल. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, "पाणी काय कंपनीनं भरून दिलं होतं का?" विम्याचा फॉर्म आणलाय. महिन्याभरात भरून द्यायचाय, मग त्यांचा सर्व्हेअर येईल. त्यात घटना सविस्तर लिहा असं म्हटलंय. कसं लिहू? सात शिबिरं ठरलेली आहेत. गाडी नसेल तर सातही जातील, आणि मग आठवं कुणी देणार नाही.

बाबा ठीक आहेत. रोज वर्कशॉपपर्यंत चक्कर मारून येतात.

तुझी मुंगी

१६ जुलै

प्रिय मुंगी,

कुणाला लागलं नाही हे तू सहाव्या ओळीत लिहिलंस. पुढच्या वेळी पहिल्या ओळीत लिही. मी उभ्यानं वाचत होते.

फोरमन उर्मट असला तरी बरोबर आहे. पाणी बाहेरचं, वॉरंटी आतली. पण तू इंजिन कव्हर घेतलंयस, तेव्हा रडू नकोस. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून स्टार्टर मारल्यावर लोखंडच वाकतं. तुझ्या पॉलिसीत हे नुकसान भरून द्यायचं लिहिलेलं असणार. पॉलिसीची नक्कल पाठव, मी शब्द न् शब्द वाचीन.

घटना लिहिताना विशेषणं नकोत. किती वाजता, कुठून कुठे, पाणी कुठपर्यंत, काय केलं, काय झालं. "मला वाटलं निघेल" हेही लिही, त्यात लाज नाही. माणसाला वाटू शकतं.

आणि गाडीचे फोटो पाठव. बाहेरून चारी बाजूंनी, इंजिनाचे आणि ड्रायव्हरच्या जागेचे. मंगळवारपासून गाडीत काही हलवलं नसेल तर हलवू नकोस, आहे तसे काढ.

स्टार्टर दुसऱ्यांदा का मारलास? एवढी शहाणी तू.

तुझी आत्या

२१ जुलै

प्रिय आत्या,

पॉलिसीची नक्कल आणि नऊ फोटो सोबत आहेत. वर्कशॉपच्या मागच्या आवारात गाडी टो करून आणली तशीच उभी आहे. मी फक्त भिंगांची पेटी काढून घेतली.

फॉर्मचा कच्चा मसुदाही पाठवतेय. "वाहन कोण चालवत होते" या रकान्यात माझं नाव आणि माझा लायसन नंबर लिहिलाय. बघ आणि सांग, म्हणजे पक्का करते. स्टार्टर घाईत मारला गेला. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तुझी मुंगी

२६ जुलै

मुंगी,

पॉलिसी वाचली. इंजिन कव्हर चोख आहे. मसुदाही वाचला. चांगलं लिहितेस, हे मला आधी माहीत नव्हतं.

फोटो मात्र मी सहा वेळा बघितले.

मी कुठलीही गाडी तपासायला गेले की बॉनेट नंतर उघडायची. आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसायची. सोबतचे पुरुष सर्व्हेअर हसायचे, बाई दमल्या म्हणायचे. हसू देत. मोडलेला पत्रा काय मोडलं ते सांगतो, सीट कोण बसलं होतं ते सांगते. तुझ्या सातव्या फोटोत सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे आहे. तू चार फूट दहा इंच आहेस. त्या सीटवरून तुझा पाय क्लचला पोचायचा तर तुला झोपून गाडी चालवावी लागेल. तू पाठीला घेतेस ती उशी बाजूच्या सीटवर आहे, आणि आरसा उंच माणसासाठी वळवलेला आहे.

आपल्या घरात उंच माणूस एकच आहे.

दुसऱ्यांदा स्टार्टर का मारला, तेही मग कळलं. दादाच्या जुन्या बसची हवेची नळी छपराजवळ असायची. पाण्यात बंद पडली की तो थोडा थांबायचा, पुन्हा मारायचा, आणि ती निघायची. मला कितीदा कौतुकानं सांगितलंय त्यानं. चौतीस वर्षांची सवय हातात असते, डोक्याला विचारत नाही.

एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका माणसानं लिहून दिलं की गाडी मी चालवत होतो. सीट पुढे ओढलेली होती. चालवत होती त्याची बायको, शिकत होती, लायसन नव्हतं. त्यानं माझ्यापुढे हात जोडले. मी सीट कुठे होती ते लिहिलं, आणि क्लेम गेला. त्या संध्याकाळी मला अन्न गेलं नाही, पण रिपोर्ट मी बदलला नाही. त्या पैशात न चुकता हप्ते भरणाऱ्या हजारो लोकांचा घाम असतो. आपल्या माणसाला पाठीशी घालायला त्यांच्या खिशात हात घालायचा नसतो. हे मी सभांमधून ओरडून सांगितलंय, नव्या सर्व्हेअरांना शिकवलंय.

तो माणूस परका होता. हा माझा दादा आहे. हे पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं, हे तुला कळलेलं बरं. फोटो कंपनीकडे नाही, माझ्याकडे आलेत, हेही मला चारही दिवस ठाऊक होतं.

दादानं चालवली, तर त्याचंच नाव लिही. त्याच्याकडे लायसन आहे, कंपनीची त्याला हरकत नाही. मग तू खोटं का लिहितेस? तेवढंच मला उलगडत नाही.

आत्या

३१ जुलै

प्रिय आत्या,

बाबांचं लायसन मे महिन्यात संपलं. नवं केलेलं नाही.

तू म्हणशील आळस. आळस नाही. आता सगळंच सांगते, कारण तुझ्या पत्रानंतर मला झोप नाही, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

लायसन नव्यानं करायला त्यांच्या वयाला डॉक्टरचा दाखला लागतो. एप्रिलमध्ये ते म्हणाले, "त्या डॉक्टरकडे जाण्याआधी तू एकदा बघ. आपली मशिनरी आहे तर वापरू." मी त्यांना गाडीतल्या खुर्चीत बसवलं. समोरची अक्षरं त्यांनी घडाघडा वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मी सवयीनं बोटांची तपासणी केली. माझ्या नाकाकडे बघायचं, मी बाजूनं बोटं दाखवते, किती ते सांगायचं. डावीकडे बरोबर सांगितलं. उजवीकडे मी दोन बोटं धरली आणि ते काहीच बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं मी अजून हात वर केलेलाच नाही.

काचबिंदू असणार. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेनं खात येते, दुखत नाही, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. मी दर शिबिरात अशी दोन-तीन माणसं शोधून डॉक्टरकडे पाठवते. त्यांना दरडावून सांगते, आजच जा.

बाबा खुर्चीत बसून हसत होते. म्हणाले, "काय, पास का नापास?" ज्या माणसानं चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? म्हटलं, "काही नाही, चष्म्याचा नंबर जरा वाढलाय." वाटलं, चार दिवसांनी नीट सांगू. चार दिवसांचे तीन महिने झाले. ते डॉक्टरकडे गेले नाहीत, आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या मंगळवारी माझं मनगट मुरगळलेलं होतं. म्हणाले, "मी नेतो. पंधरा मिनिटांचा रस्ता." मी किल्ली दिली. पुलाखाली उजव्या कडेला पाण्याची खूण करायचा खांब आहे, वर लाल पट्टे. पाणी दुसऱ्या पट्ट्यापर्यंत होतं. मी बाजूच्या सीटवरून ते बघितलं. ते बघू शकत नव्हते. "बाबा, उजवीकडे बघा," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कुठे? आणि मग सगळं बाहेर आलं असतं. तेवढ्या विचारात आम्ही पाण्यात होतो.

गाडी बंद पडली तेव्हा ते म्हणाले, "घाबरू नको, ही निघते," आणि स्टार्टर मारला.

आता त्यांचं नाव लिहिलं तर क्लेम जाईल, शिबिरं जातील, आणि लायसन का केलं नाही हे कुणीतरी विचारेलच. माझं नाव लिहिलं तर सगळं वाचेल. तूच सांग, कुणाचं काय बिघडतं?

मुंगी

४ ऑगस्ट

मुंगी,

क्लेम गेला खड्ड्यात. तू विचारतेस कुणाचं काय बिघडतं? त्या खांबाच्या बाजूनं त्या दिवशी कुणी सायकलवरून येत नव्हतं, म्हणून तू हे मला विचारू शकतेस. कुणी येत असतं तर प्रश्न त्याच्या घरच्यांनी विचारला असता, आणि तुझ्याकडचे सगळे कागद मिळून त्याचं उत्तर देऊ शकले नसते.

पण आज मी त्या अनोळखी माणसाबद्दलही भांडत नाही. दादाबद्दल भांडते. शिबिरातल्या परक्या माणसाला तू दरडावून सांगतेस आजच जा, आणि बापाला सांगतेस नंबर वाढलाय? काचबिंदूला औषध आहे ना? थेंब घालून आहे ती नजर टिकते ना? मग हे तीन महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे? तू त्याचा मान जपलास असं तुला वाटतं. तू त्याला चार वर्षांच्या मुलासारखं वागवलंस. मी त्या माणसाच्या सायकलच्या दांड्यावर मोठी झालेय. वाईट बातमी ऐकून मोडणारा तो नव्हे.

हे पत्र वाचून झालं की उठ. चष्मा काढायचा नाही, चहा टाकायचा नाही. समोर बस आणि सांग. फॉर्म त्यानंतर भर, आणि काय भरायचं ते मला विचारू नकोस.

आत्या

१८ ऑगस्ट

चि. धाकटीस,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. मुंगी शिबिराला गेली आहे, बसनं, पेटी मांडीवर घेऊन. तोवर लिहितो. अक्षर सरळ आहे, बघ. समोरचं मला चांगलं दिसतं.

पोरीनं मला सांगितलं. आधी रडली, मग सांगितलं, मग पुन्हा रडली. मग फॉर्म आणला. माझं नाव लिहिलं, आणि लायसनच्या मुदतीच्या रकान्यात मे महिन्याची खरी तारीख घातली. मी म्हटलं, "अक्षर जरा मोठं काढ, साहेबाला वाचता येऊ दे." तेव्हा हसली.

विम्याचा सर्व्हेअर आला होता. कोवळा माणूस, तुझ्यासारखा दरारा नाही. फॉर्म वाचून मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, हे असं कुणी लिहीत नाही. मला हे नामंजूर करावं लागेल." मी म्हटलं, "करा. तुमचं काम तेच आहे." तर म्हणाला, "जड जातंय हो." मी त्याला चहा पाजला. जाताना तो गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसला का ते मी बघत होतो. नाही बसला. बॉनेट उघडून गेला. तुमच्यात पूर्वीसारखे लोक राहिले नाहीत.

क्लेम नामंजूर झाला. इंजिन माझ्या फंडातून करून घेतोय. सातापैकी तीन शिबिरं टिकली, बाकीच्यांनी वाट बघायला नकार दिला. होईल हळूहळू. गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं. दिवसात दोनदा थेंब घालायचे. उजवीकडचं गेलं ते येणार नाही, डावीकडचं आणि समोरचं राखता येईल म्हणाले. किल्ली मी मुंगीच्या हातात दिली. दिली म्हणजे दिली. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वाटलं होतं त्यापेक्षा अवघडही गेलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. हे फक्त तुला.

एप्रिलमध्ये तिनं मला तपासलं तेव्हाच मला कळलं होतं. बस चालवणारा माणूस समोर बघत असतो पण आरशात शंभर चेहरे वाचत असतो. तिनं बोटं डावीकडे एकदा धरली. उजवीकडे बोटं दिसली नाहीत, पण तिचा खांदा तीनदा उचललेला दिसला, आणि तिसऱ्यांदा तो खाली येईना. मग म्हणाली नंबर वाढलाय. उजवीकडची माणसं अचानक उगवतात, हे मला गेल्या वर्षापासून जाणवत होतं. वयामुळे असेल असं म्हणत होतो.

मग तू म्हणशील डॉक्टरकडे का गेलो नाही. अगं, आमच्या गल्लीत डॉक्टर एकच. तिच्या शिबिरांच्या कागदांवर सही त्याचीच. त्यानं माझे डोळे बघितले असते आणि विचारलं असतं, काका, मुलीनं तपासलं नाही का? मी काय सांगणार होतो? तपासलं म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, घरातला काचबिंदू हिला दिसला नाही, बाहेरच्यांचे डोळे ही काय तपासणार? सही काढून घेतली असती. तिची गाडी तेव्हा नुकती रस्त्याला लागली होती. म्हणून मी दाखला आणायला गेलो नाही, म्हणून लायसन राहिलं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जायचं सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. सुचलं असेल, गेलो नाही.

तिला वाटतंय तिच्या खोट्यामुळे मी बेसावध राहिलो. तसंच वाटू दे. मी जाणूनबुजून तीन महिने घालवले, आणि तेही तिच्यासाठी, हे तिला कळलं तर ती पेटी खाली ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही. तू तिला यातलं काही कळवू नकोस. तू माझं ऐकत नाहीस हे ठाऊक आहे, पण एवढं ऐक.

तुझा दादा

२३ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र वाचलं. तू असा निघशील हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं लोक काय लपवतात ते ओळखण्यावर मी पोट भरलं. मुंगीचं लपवणं मी एका फोटोवरून ओळखलं आणि तिला फाडून खाल्लं. तुझं लपवणं मला शिवलंसुद्धा नाही. मला वाटलं, बिचारा दादा, त्याला काही माहीत नाही.

डॉक्टरला तू काय सांगितलं असतंस असं मला विचारतोस. खरं सांगायचं. माझ्या मुलीला कळलं आणि तिला बापाला सांगवेना. डॉक्टर माणूस आहे ना तो? त्यालाही बाप असेल. तिच्या कागदांवरची सही राहिली असती का गेली असती, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. पण तुझी उजवी बाजू तुम्ही दोघांनी मिळून घालवली, एकमेकांना न दुखवता, अगदी प्रेमानं. शत्रूला हे इतकं नीट जमलं नसतं.

तुझं ऐकायचा मी प्रयत्न केला. दोन दिवस केला. मला तेवढ्यात तिचं पत्र आलंय. त्यात तिनं लिहिलंय की राहिलेली तीन शिबिरं झाली की ती सगळं बंद करणार आहे, कारण जिला आपल्या बापाला सांगता आलं नाही तिनं परक्यांना कुठल्या अधिकारानं सांगायचं? वाच हे वाक्य पुन्हा. तू ज्या गोष्टीसाठी गप्प बसायला सांगतोस, ती गप्प बसल्यामुळेच होते आहे. तिला वाटतंय या घरात घाबरणारी ती एकटीच होती.

म्हणून तुझं पत्र मी याच पाकिटात परत पाठवते आहे. मी तिला काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही, तेवढा तुझा शब्द राखला. पण तू तिला हे पत्र दे. वाचून दाखव, तुला समोरचं चांगलं दिसतं. ती चिडेल. चिडू दे. बहुतेक तुझ्याशी दोन दिवस बोलणार नाही, तेही होऊ दे.

मग त्याच खुर्चीत जाऊन बस आणि तिला म्हण, आता पुन्हा तपास. बोटं कुठे दिसतात, कुठे दिसत नाहीत, ते तूही खरं सांग आणि तिलाही खरं सांगू दे. दर तीन महिन्यांनी. काय निघालं ते मला लेखी कळवा, दोघांच्याही सहीनं.

तुझी धाकटी